वहीत उतरलेलं रान

निसर्गावरचा निबंध म्हटला की तुकोबांच्या अभंगानं सुरुवात आणि ‘झाडे लावा, झाडे जगवा’नं शेवट, ही आपल्याकडची ठरलेली रीत. काही पोरांनी मात्र ही रीत मोडली. जे डोळ्यांनी पाहिलं आणि पायांनी तुडवलं, तेवढंच त्यांनी वहीत लिहिलं. त्या वह्यांनी पुढे काय घडवलं आणि त्या कुठे कमी पडल्या, त्याची ही हकिकत.

खेतवाडीतले आठ चिमणे

मुंबईच्या खेतवाडीतला एक तबेला. साल १९०६-०७. भिंतीतल्या भोकात चिमणीनं घरटं केलंय. चिमणी आत अंड्यांवर बसलीय आणि भोकाजवळच्या खिळ्यावर चिमणा राखण करतोय. तिथे उभ्या करून ठेवलेल्या घोडागाडीमागे एक मुलगा दबा धरून बसलाय. वय फार तर दहा, हातात छऱ्याची बंदूक. नेम धरून त्यानं चिमण्याला टिपलं. थोड्या वेळानं पाहतो तर काय, खिळ्यावर दुसरा चिमणा हजर! त्यालाही टिपलं, तर तिसरा आला. सात दिवसांत त्या एका खिळ्यावरचे आठ चिमणे पोरानं मारले आणि दर वेळी चिमणीला नवा जोडीदार मिळत गेला.

आई-वडिलांचं छत्र हरपलेल्या आणि मामाच्या घरी वाढणाऱ्या त्या मुलाचं नाव सालिम अली. घडला प्रकार त्यानं आपल्या वहीत लिहून ठेवला. किती चिमण्या मारल्या याची फुशारकी मिरवावी, एवढाच त्यामागचा हेतू. पण त्याच्याही नकळत त्या चार-सहा ओळींत बरंच काही आलं होतं. जागा कुठली, पाखरू नेमकं कुठे बसलं होतं, किती दिवसांत किती वेळा काय घडलं, सगळं मोजून-मापून. पुढे कित्येक वर्षांनी, सालिम अलींचं नाव जगभर झाल्यावर, बालपणीची ही नोंद ‘न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स’मध्ये जवळजवळ जशीच्या तशी छापली गेली.

अशाच एका शिकारीत गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी त्याच्या हाती लागली. ही कुठल्या जातीची, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’चे मानद सचिव मिलार्ड यांच्याकडे धाडलं. मिलार्डसाहेबांनी पोराला वाटेला लावलं नाही. त्यांनी कपाटांचे खण उघडून संग्रहातले पक्षी त्याला एकेक करून दाखवले. त्यानंतरचा इतिहास सर्वांना ठाऊक आहेच.

आजच्या आई-वडिलांनी ती वही पाहिली असती, तर कपाळाला हात लावला असता. तिच्यात भूतदयेचं नाव नाही, निसर्गप्रेमाचा एक शब्द नाही. आहे ते फक्त पाहणं, मोजणं आणि लिहून ठेवणं. कळवळा मागाहून आला. पाहता पाहता आणि लिहिता लिहिता जीव जडत गेला, आणि हाच बंदूकवाला मुलगा म्हातारपणी भरतपूरचं पाणथळ रान राखावं, केरळातली सायलेंट व्हॅली बुडू नये म्हणून लेखणी झिजवताना देशानं पाहिला.

वेड्या राघूची शेपटी

या घटनेला पन्नासेक वर्षं उलटली. पुण्यातल्या एका चौदा वर्षांच्या मुलाला कोडं पडलं. तारेवर बसणारा, माश्या टिपणारा हिरवा वेडा राघू त्यानं अनेकदा पाहिला होता. त्याच्या शेपटीच्या मधोमध सुईसारखं लांब पीस असतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. मग अलीकडे दिसलेल्या राघूंना ते पीस का नाही? ही जात वेगळी की आपलं पाहणं चुकलं? पुस्तकांत उत्तर मिळेना.

हा प्रश्न पत्रातून थेट सालिम अलींकडे गेला आणि त्यांचं उत्तर आलंही. पाखरं जुनी पिसं टाकतात आणि नवी धरतात. त्या काळात वेड्या राघूचं ते लांब पीसही गळून पडतं, असा त्यातला खुलासा होता. कोडं सुटलं, पण त्याहून मोठी गोष्ट घडली. आपण पाहिलेली बारीकशी गोष्ट खरी होती आणि एवढ्या मोठ्या माणसानं तिची दखल घेतली, हे त्या मुलाच्या मनात कोरलं गेलं. त्याचं नाव माधव गाडगीळ. पश्चिम घाटाच्या अभ्यासाशी पुढे त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं.

खेतवाडी आणि पुणे. एका ठिकाणी वही, दुसऱ्या ठिकाणी पत्र. दोन्हींत सामायिक काय? मुलानं सगळ्या सृष्टीबद्दल लिहिलं नाही. आपल्या घराजवळच्या एका पाखराबद्दल, तेही ठरावीक दिवशी ठरावीक जागी दिसलेल्या गोष्टीबद्दल लिहिलं. सगळ्या जंगलांवर प्रेम करायला कुणी शिकवू शकत नाही. आपल्या गल्लीतल्या एका झाडावर मात्र ते आपसूक बसतं.

पण एकट्या मुलाची वही फार तर त्याचं आयुष्य बदलते. अशा पाचपन्नास वह्या एकत्र आल्या तर? त्याचं उत्तर १९७९ मध्ये दिल्लीत मिळालं.

दिल्लीच्या उशाचं जंगल

राजधानीत राहणाऱ्या मराठी माणसांना ‘रिज’ नव्यानं सांगायला नको. अरवली डोंगराची ही शेपटी. गुजरातेतून, राजस्थानातून येता येता ती दिल्लीत यमुनेच्या काठाजवळ विरून जाते. तिचं उत्तरेकडचं टोक दिल्ली विद्यापीठाला अगदी खेटून आहे. १८५७ च्या धामधुमीत इंग्रज फौजेनं याच टेकाडावर तळ ठोकला होता. या खडकाळ, काटेरी रानात मोर ओरडतात, मुंगसं पळतात. इंग्रजांच्या काळात लावलेल्या विलायती कीकरनं पुढे ते पार व्यापलं. दिसायला हे जंगल असं रुबाबदार मुळीच नाही. म्हणूनच की काय, वाढत्या शहरानं त्याला मोकळी जागा समजून ओरबाडायला सुरुवात केली. कुठे रस्ता, कुठे इमारत, कुठे झुडपं साफ करून केलेली गुळगुळीत बाग.

पण विद्यापीठातल्या आणि शाळांतल्या काही मुलांसाठी ती मोकळी जागा नव्हती. रविवारी सकाळी दुर्बीण घेऊन भटकण्याचं ते हक्काचं रान होतं. कुठल्या झाडावर घुबड बसतं, कुठल्या डबक्यावर पाखरं उतरतात, हे त्यांना पाठ होतं. तिथे तोड सुरू झालेली दिसल्यावर ही मुलं गप्प बसली नाहीत. मोर्चे निघाले, निवेदनं गेली, लोकांना हाताला धरून रिजवर फिरवून आणण्याचा सपाटा सुरू झाला. यातूनच १९७९ मध्ये ‘कल्पवृक्ष’ हा गट जन्माला आला. संस्थापक म्हणवून घेणारे बहुतेक जण मिसरूड फुटण्याच्या वयाचे. साहेब नाही, शिपाई नाही, सगळे निर्णय एकमतानं. त्यातले काही जण गढवालात जाऊन चिपको आंदोलनाची गावंही पाहून आले. डोंगरातल्या बायका झाडांना मिठी का मारतात, हे त्यांना तिथल्या चुलीपाशी बसून कळलं.

मोर्चा दुसऱ्या दिवशी विसरला जातो, कागद मात्र राहतो, हे या मुलांच्या लवकर लक्षात आलं. म्हणून घोषणांच्या जोडीला टिपणं सुरू राहिली. १९९१ मध्ये कल्पवृक्षनं रिजच्या ऱ्हासावर आणि रक्षणावर पुस्तिकाच काढली. शहरातल्या इतर संस्था, नागरिक आणि वर्तमानपत्रं यांचाही रेटा होताच. अखेर १९९४ मध्ये रिजची ७,७७७ हेक्टर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली. अतिक्रमणं त्यानंतरही थांबली नाहीत आणि कोर्टकचेऱ्याही संपल्या नाहीत. पण ‘ही रिकामी जागा आहे’ असं म्हणण्याची सोय राहिली नाही. ते जंगल आहे, हे आता कागदावर आलं होतं.

नदीच्या काठानं पन्नास दिवस

रिज ही घराजवळची गोष्ट. पण याच मुलांनी १९८३ च्या पावसाळ्यात एक भलतंच धाडस केलं. कल्पवृक्ष आणि हिंदू कॉलेजचा नेचर क्लब यांची एक लहानशी तुकडी नर्मदेच्या खोऱ्यात उतरली आणि पन्नासेक दिवस नदीच्या काठानं फिरली. मिळेल तिथे बस, जमेल तिथे होडी, नाही तर पायपीट.

नर्मदा मराठी माणसाला परकी नाही. अमरकंटकपासून भडोचजवळच्या समुद्रापर्यंत तेराशेहून अधिक किलोमीटर वाहणाऱ्या या नदीची परिक्रमा करून आलेला एखादा काका, एखादी आजी बऱ्याच घरांत सापडते. ही मुलं मात्र पुण्य जोडायला गेली नव्हती. नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा १९७९ च्या डिसेंबरात झाला होता. खोऱ्यात ३० मोठी, १३५ मध्यम आणि सुमारे ३ हजार लहान धरणं बांधण्याची योजना कागदावर तयार होती. सरदार सरोवर आणि नर्मदासागर ही त्यातली सर्वांत मोठी. त्यात काय बुडणार, याचे आकडे कचेऱ्यांत होते. पण बुडणार म्हणजे नेमकं कोणाचं काय जाणार, हे काठावर जाऊन किती जणांनी पाहिलं होतं?

मुलांनी ते पाहिलं. गावकऱ्यांशी बोलणं, जंगलातून चालणं, अधिकाऱ्यांना भेटणं, रात्री कंदिलाच्या उजेडात टिपणं काढणं. परतल्यावर त्या टिपणांवर महिनोन्‌महिने काम झालं. आशिष कोठारी आणि राजीव भरतरी यांच्या नावानं १९८४ च्या जूनमध्ये मुंबईतून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त एक दीर्घ लेख छापून आला. शीर्षकच सवाल करणारं होतं : नर्मदा खोरे प्रकल्प हा विकास की विनाश? जंगल किती जाणार, वन्यप्राण्यांचं काय होणार, जमीन पाणथळ होण्याचा धोका किती, उठवलेल्या आदिवासींना जमीन कुठे मिळणार आणि फायद्याच्या हिशेबात हा तोटा धरलाय का, असे रोखठोक प्रश्न त्यात होते. त्या प्रकल्पाची बाहेरच्या माणसांनी केलेली ही अगदी सुरुवातीची तपासणी. आणि ती करणारी मुलं नुकती कुठे कॉलेजाच्या उंबऱ्यावर होती.

याच नदीकाठी त्या वर्षांत आणखी एक वही भरत होती. जबलपूरचे चित्रकला शिक्षक अमृतलाल वेगड यांनी १९७७ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन नर्मदेची पदयात्रा तुकड्यातुकड्यानं सुरू केली होती. खांद्याच्या झोळीत चित्रांची वही. घाट, यात्रेकरू, नावाडी, धुणं धुणाऱ्या बायका, सगळं रेषांत आणि शब्दांत उतरत होतं. त्यांनी हिंदीत आणि गुजरातीत लिहिलेल्या या यात्रेला वाचकांनी डोक्यावर घेतलं, गुजराती पुस्तकाला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. वेगडांनी वाद घातला नाही, फक्त सौंदर्य टिपलं. पण त्यांनी तुडवलेल्या वाटांपैकी काही वाटा पुढे जबलपूरजवळच्या बर्गी धरणाच्या पाण्याखाली गेल्या. आज त्या वाटा त्यांच्या पुस्तकात तेवढ्या उरल्या आहेत.

वही जिंकली की हरली?

वाचक विचारतील, मुलांच्या त्या लेखाचं पुढे झालं काय? धरण थांबलं का?

नाही थांबलं. १९८७ मध्ये पर्यावरण खात्यानं अटी घालून मंजुरी दिली. पुढे आंदोलन पेटलं. १९८९ मध्ये हरसूदला देशभरातून माणसं जमली. जागतिक बँकेनं नेमलेल्या मोर्स समितीनं १९९२ मध्ये प्रकल्पातल्या त्रुटींवर बोट ठेवलं, १९९३ मध्ये बँकेचं उरलेलं कर्ज भारतानं नाकारलं. २००० च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं बांधकामाला वाट मोकळी करून दिली. २००४ मध्ये नर्मदासागरच्या, म्हणजे आजच्या इंदिरासागरच्या पाण्यात ते हरसूद गावच बुडालं. सरदार सरोवराचं लोकार्पण २०१७ च्या सप्टेंबरात झालं आणि २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरला. तीन राज्यांतल्या २४५ गावांना त्याची झळ पोहोचली, त्यात ३३ गावं महाराष्ट्रातल्या नंदुरबार जिल्ह्यातली. दुसरी बाजूही सांगायला हवी. सौराष्ट्र आणि कच्छच्या कोरड्या भागांत याच नर्मदेचं पाणी नळानं आणि कालव्यानं पोहोचलं. हंड्यासाठी मैलोन्‌मैल वणवण केलेल्या तिथल्या बाईला धरणाबद्दल विचारलं, तर ती वेगळंच उत्तर देईल.

मग ती वही वाया गेली का? तसं म्हणता येणार नाही. धरण बांधण्याआधी काय बुडणार ते मोजायला हवं, माणसांना विचारायला हवं, हा आग्रह आज सर्वमान्य आहे. निदान तोंडानं तरी कोणी नाकारत नाही. १९८३ मध्ये तसं नव्हतं. हा प्रश्न नेमक्या शब्दांत आणि आकड्यांत विचारणाऱ्या पहिल्या काहींमध्ये ती पोरं होती. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, जे बुडालं त्याची नोंद राहिली. नोंद नसती तर पुढच्या पिढीला ‘तिथे होतं तरी काय?’ असं कुणीही सहज ऐकवलं असतं.

लेखणीनं रान वाचतंच, अशी हमी नाही. रिज वाचलं, नदीकाठ बुडाला. पण न लिहिलेलं रान बुडतं, तेव्हा त्याच्या नावानं रडायलाही कुणी उरत नाही.

डोंगरातल्या शाळा

दिल्लीची मुलं नर्मदेकाठी पाहुणी होती. काठावरच्या मुलांनी स्वतःचं रान लिहायचं, तर आधी शाळा हवी. सातपुड्यातल्या बुडीत गावांमध्ये शाळा बहुतेक कागदावरच चालायच्या. गुरुजींचा पगार निघायचा, गुरुजी दिसायचे नाहीत. नर्मदा बचाओ आंदोलनानं १९९१-९२ च्या सुमारास चिमलखेडी, निमगव्हाण अशा गावांत ‘जीवनशाळा’ सुरू केल्या. ‘लढाई पढाई साथ साथ’ हे त्यांचं ब्रीद.

तिथे अडचण भाषेपासून होती. घरात पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या मुलासमोर शहरातली मराठी ठेवली, की ते गप्प होतं. मग बोलीतूनच शिकवायला सुरुवात झाली. म्हाताऱ्यांकडून गोष्टी गोळा झाल्या, झाडपाल्याची नावं गोळा झाली आणि त्यातून मुलांसाठी वाचनाची पुस्तकं तयार झाली. ज्याला मास्तरांसमोर तोंड उघडता येत नव्हतं, ते पोरगं आपल्या डोंगरातल्या वनस्पतींची नावं धडाधड सांगू लागलं. धरणाचं पाणी चढलं, तशा यातल्या काही शाळाही वरच्या अंगाला हलवाव्या लागल्या.

मराठीत हे मोल ज्यांनी सर्वांत जास्त ओळखलं, ते मारुती चितमपल्ली. वनखात्याच्या नोकरीत रानोमाळ हिंडताना ते नवेगावबांधच्या काठचे ढीवर, गोंड, फासेपारधी यांना गुरू मानत आणि त्यांच्याकडून पाखरांची, झाडांची नावं टिपून घेत. या टिपणांतूनच त्यांचे कोश आणि ललित लेख उभे राहिले. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले, पण त्यांनी वहीत घेतलेले शब्द मराठीत राहिले. शब्द गेला की ती वस्तू दिसेनाशी होते, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं.

कल्पवृक्षही हाच धडा शिकली. तिचं बिऱ्हाड नंतर पुण्यात आलं. मुलांना सगळीकडे एकच पुस्तक देण्याऐवजी तिनं जागेजागेची पुस्तकं करायला घेतली. अंदमानच्या शिक्षकांसाठी अंदमानच्या समुद्राचं आणि बेटांचं, लडाखच्या मुलांसाठी लडाखच्या हिमबिबट्याचं आणि बर्फाळ डोंगरांचं. आपल्या भीमाशंकरच्या परिसरातही, जिथे शेकरू झाडांच्या शेंड्यांवरून उड्या मारतं, तिथल्या शाळांतून असंच काम झालं. मुंबईच्या मुलाला खाडीतलं खारफुटीचं रान कळावं आणि लडाखच्या मुलाला हिमबिबट्या, एवढी साधी ही गोष्ट आहे.

मार्कांपुरती वही

सर्वोच्च न्यायालयानं १९९१ च्या नोव्हेंबरात एका याचिकेवर निकाल देताना शाळा-कॉलेजांत पर्यावरणाचं शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. २००३ मध्ये पुन्हा आदेश द्यावा लागला. विषय आला, पुस्तक आलं, प्रकल्प आले. हेतू उत्तम होता. पण बऱ्याच घरांतलं चित्र पालकांना माहीत आहे. रात्री नऊ वाजता चिरंजीव सांगतात, उद्या प्रकल्पाची वही द्यायचीय! मग स्टेशनरीच्या दुकानातून वाघाचे, धबधब्याचे तक्ते येतात, कात्री-डिंक निघतो. ताईची गेल्या वर्षीची वही असली तर काम आणखीच सोपं. आई मजकूर सांगते, बाबा कव्हर घालतात आणि मुलाला पैकीच्या पैकी मार्क पडतात. एवढ्या सगळ्या खटाटोपात खिडकीबाहेरच्या झाडाचं नाव काय, हे घरातल्या कुणालाच विचारावंसं वाटत नाही.

हीच गत मोठ्यांचीही झाली. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात कॉलेजातले प्राध्यापक, विद्यार्थी आणि गावकरी यांना एकत्र आणून गावोगावी ‘लोकांची जैवविविधता नोंदवही’ लिहिण्याचा घाट घातला. गावातला वैदू, मासेमार, गुराखी सांगणार आणि कॉलेजची पोरं लिहून घेणार, अशी ती कल्पना. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं या नोंदवहीला सरकारी मान्यता मिळाली. पुढे हरित लवादानं मुदत घातली, तेव्हा मात्र बऱ्याच ठिकाणी नोंदवह्या भराभर ‘उरकल्या’ गेल्या.

पण उजेडाची बाजूही आहे. केरळात विषूच्या सणाला, म्हणजे साधारण १४ एप्रिलला, पहाटे डोळे उघडताच कणिकोन्नाची पिवळी फुलं पाहायची प्रथा आहे. आपण त्यालाच बहावा म्हणतो. हे झाड आता सणाची वाट न पाहता भलत्याच वेळी फुलतं, असं जुनी माणसं म्हणतात. पण म्हणणं वेगळं आणि पुरावा वेगळा. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात २०१० पासून हजारो शाळकरी मुलं आपलं एक झाड ठरवतात आणि दर आठवड्याला पालवी किती, कळी किती, फूल किती, फळ किती याची नोंद करतात. सर्वांत जास्त मुलं केरळातलीच. ऋतू खरंच सरकतायत का, या प्रश्नाचं उत्तर शास्त्रज्ञ या नोंदींतून शोधतात.

पाखरांचंही तसंच. दर फेब्रुवारीत चार दिवस देशभरातल्या कॉलेजांच्या आवारांत विद्यार्थी पक्षी मोजतात. अशा हौशी नोंदींचा ढीग साचत साचत २०२३ च्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीवरील अहवालाला ३० हजारांहून अधिक निरीक्षकांच्या तीन कोटींहून जास्त नोंदी मिळाल्या. ९४२ जातींची तपासणी झाली आणि त्यातल्या १७८ जातींकडे तातडीनं लक्ष द्यायला हवं, असं निघालं. कुणाच्या तरी लेकानं हॉस्टेलच्या गच्चीवरून मोजलेले चार बुलबुल आणि सहा साळुंक्याही त्या कोट्यवधींत आहेत.

तुमच्या मुलांसाठी

अशी वही घरी सुरू करायला खर्च नाही. एक साधी वही आणि पेन्सिल पुरे.

• जागा एकच निवडा. घरासमोरचं झाड, सोसायटीची विहीर, शाळेमागचा नाला, काहीही चालेल. ती वर्षभर बदलू नका.

• तारीख, वेळ आणि जागा लिहिल्याशिवाय पान सुरू करू नका. याच तीन गोष्टींनी नोंद खरी होते.

• ‘खूप पक्षी होते’ असं लिहू नका. मोजा. सात म्हणजे सात.

• नाव माहीत नसेल तर खोटं लिहू नका. रंग, आकार, आवाज लिहा आणि चित्र काढा. नाव नंतर सापडेल.

• घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. गावाकडे या झाडाला काय म्हणायचे, त्याचा उपयोग काय, पूर्वी इथे काय होतं. त्यांचं नाव नोंदीखाली लिहा.

• आणि मोठ्यांनी एवढंच करावं, की वही सुंदर करायला जाऊ नये. चिखलाचा डाग पडलेलं पान पुसू नये.

खेतवाडीत आता घोड्यांचे तबेले नाहीत. तिथल्या नव्या इमारतींच्या गुळगुळीत भिंतींत चिमणीला भोक सापडणंही अवघड. पण १९०६-०७ मध्ये त्या एका भिंतीत, एका खिळ्याजवळ, आठवडाभर काय घडलं, ते शंभर वर्षांनंतरही आपल्याला ठाऊक आहे. कारण एका दहा वर्षांच्या पोरानं ते लिहून ठेवलं. तुमच्या गल्लीतल्या चिमणीचं काय झालं, हे आणखी शंभर वर्षांनी कुणी विचारलं, तर उत्तर देणारी एखादी वही आजच कुठल्या तरी घरात उघडायला हवी.